बॅकलॉगमध्ये दोनशे कामं पडलीत, आधी कुठलं घ्यायचं?

बॅकलॉग म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये करायच्या राहिलेल्या कामांची यादी. सोमवारी सकाळी दहाला लॅपटॉप उघडला की साधारण असं असतं. सेल्सवाल्याचा रात्री साडेअकराचा मेसेज, "मोठा क्लायंट आहे, एवढं एक फीचर दिलं की सही करतोय". सपोर्टकडून तक्रारींची चौदा टिकिटं, सगळ्यांवर हाय प्रायॉरिटी. साहेबांनी दुसऱ्या कंपनीच्या ॲपचा स्क्रीनशॉट पाठवलाय, खाली फक्त एक प्रश्नचिन्ह. आणि डेव्हलपर मंडळी तीन महिने सांगतायत की डेटाबेसचं व्हर्जन जुनं झालंय, आत्ता केलं नाही तर नंतर सगळं काम थांबवून करावं लागेल. यातलं कोणीच खोटं बोलत नाहीये, प्रत्येकाचं त्याच्या जागी बरोबर आहे, आणि तरी टीम तेवढीच आहे, पाच डेव्हलपर आणि एक टेस्टर.

मी आठ वर्षं प्रॉडक्ट मॅनेजर आहे, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये आधी काय बनवायचं ते ठरवणारी, त्याआधी सपोर्टला होते, आणि यातली बरीचशी वर्षं दूध संकलन केंद्रांच्या सॉफ्टवेअरवर गेली, म्हणून उदाहरणं तिथलीच देते. तुमचं प्रॉडक्ट बँकेचं असेल नाहीतर शाळेच्या फीचं, रीत तीच लागते असा माझा अनुभव आहे.

आधी बॅकलॉगची शीट बंद करा

नवीन माणूस काय करतो, एक्सेल उघडतो आणि दोनशे ओळींसमोर हाय, मीडियम, लो लावत बसतो. संध्याकाळपर्यंत दीडशे ओळी हाय होतात. दुसऱ्या दिवशी मग हायच्या वर अजून एक व्हेरी हाय काढतो. याचं कारण असं की यादीकडे बघून यादीचा क्रम लागत नाही. भाजीची यादी समोर घेऊन कितीही वेळ बसलात तरी आधी काय आणायचं ते कळणार नाही, घरी आज जेवायला किती माणसं आहेत, उपास कोणाचा आहे, गॅस संपत आलाय का, हे माहीत असलं की यादी आपोआप लागते. तसंच आहे हे. क्रम बाहेरून येतो, आपण कोणासाठी काय करायला निघालोय त्यातून येतो. म्हणून दोन-तीन दिवस ती शीट उघडायचीच नाही.

जिथे वापर होतो तिथे जाऊन बसा

मी कागल तालुक्यातल्या एका गावात पहिल्यांदा सकाळच्या संकलनाला गेले तेव्हा सहाला पाच कमी होते, डिसेंबर होता, अंधार, आणि कट्ट्यावर पंधरा-वीस बायामाणसं किटल्या घेऊन उभी. आत दूध संस्थेचे सचिव एकटेच. समोर मिल्क ॲनालायझर, बाजूला वजनकाटा, टेबलावर जुना कॉम्प्युटर आणि त्याच्या कीबोर्डवर प्लॅस्टिकची पिशवी चढवलेली, कारण हात कायम ओले. माणूस पुढे आला की सचिव नाव विचारत नाहीत, नंबर टाकतात, दोनशे लोकांचे नंबर तोंडपाठ. ॲनालायझरवरून फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) येतं, काट्यावरून लिटर, सॉफ्टवेअर दर तक्त्यातून भाव काढतं आणि छोटीशी पावती बाहेर पडते. पावती हातात आली की माणूस आधी फॅट बघतो, मग पैसे. काल सहा-पाच होती, आज सहा-दोन कशी, यावर दोन वाक्यं होतात आणि मागचा पुढे सरकतो.

सव्वासहाला लाईट गेली. दोन मिनिटांत आली पण, पण कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा सुरू व्हायला लागला, मग आमचं सॉफ्टवेअर उघडायचं, पासवर्ड, मग सकाळ की संध्याकाळ निवडा, मग म्हैस की गाय निवडा, आणि जी एंट्री अर्धी झाली होती ती गेलेली. तोपर्यंत सचिवांनी नऊ जणांचं वहीत लिहून घेतलं, कारण आठला दुधाचा टेम्पो येतो आणि तो कोणासाठी थांबत नाही. त्या नऊ एंट्र्या त्यांनी नंतर बसून भरल्या, त्यात एक दोनदा पडली. मी त्यांना आमचा नवीन डॅशबोर्ड दाखवायला गेले होते, चेअरमनसाठी रंगीत ग्राफ वगैरे. त्यांनी शांतपणे बघितला आणि म्हणाले, "ताई, ग्राफ चांगलं हाय. पण लाईट गेली की ह्ये परत पयल्यापास्नं सुरू हुतंय, तेवढं बघा की."

आमच्या बॅकलॉगमध्ये हे काम होतं का? होतं. एकशेतिसाव्या ओळीला, लो म्हणून. कोणीतरी दीड वर्षापूर्वी टाकलेलं, "सेशन रिस्टोअर" (म्हणजे काम अडलं तिथूनच परत सुरू होणं) एवढंच लिहून. ऑफिसात एसीत बसून त्या दोन शब्दांतून ती रांग दिसणं शक्यच नव्हतं.

म्हणून जा. जाताना डेमो घेऊन जाऊ नका, डेमो दाखवला की समोरचा तुमचा पाहुणचार म्हणून चांगलं म्हणतो. गुपचूप एका बाजूला बसा, हात कुठे जातात ते बघा, वही कधी बाहेर येते ते बघा (वही बाहेर आली म्हणजे तिथे तुमचं सॉफ्टवेअर कमी पडलं), आणि "तुम्हाला काय हवंय" असं विचारायच्या ऐवजी "काल बिल काढताना काय झालं" असं विचारा. हवंय काय विचारलं की लोक फीचर सांगतात, काल काय झालं विचारलं की अडचण सांगतात, आणि आपल्याला अडचण पाहिजे असते, फीचर काढणं आपलं काम आहे. जाणं जमतच नसेल तर सपोर्टवाल्याच्या शेजारी दोन तास हेडफोन लावून बसा. कॉलचा सारांश वाचू नका, कॉल ऐका.

अर्धं पान लिहा

आता डाव कशावर लावायचा ते ठरवायचं. स्ट्रॅटेजी शब्द ऐकला की लोकांना चाळीस स्लाइड आठवतात, मला अर्धं पान पुरतं, आणि अर्ध्या पानात बसत नसेल तर अजून ठरलेलं नाही असं मी समजते. त्यात चार गोष्टी असतात: गिऱ्हाईक नेमकं कोण, त्याची कुठली अडचण, ती आपण कुठल्या बाजूने सोडवणार, आणि या वर्षात काय करणार नाही. आमचं एका वर्षीचं अर्धं पान साधारण असं होतं:

"आमचं गिऱ्हाईक म्हणजे गावातली अशी संस्था जिथे सचिव एकटा सगळं बघतो. सकाळ-संध्याकाळच्या दोन-दोन तासांत सॉफ्टवेअर अडलं की रांग अडते, आणि दहा दिवसांच्या बिलात एक आकडा चुकला की गावात त्याच्यावर संशय येतो. या वर्षी संकलन कधीच थांबणार नाही आणि बिल पहिल्या फटक्यात बरोबर येईल, एवढ्या दोनच गोष्टींवर आपण डाव लावतोय. चेअरमनचे रिपोर्ट, पशुखाद्य विक्रीचं वेगळं मोड्यूल आणि दूध संघ पातळीचं सॉफ्टवेअर या वर्षी करणार नाही."

शेवटचं वाक्य लिहिताना सगळ्यात जास्त वेळ जातो आणि सगळ्यात जास्त भांडणंही तिथेच होतात. होऊ द्या. भांडण आत्ता झालं तर दोन तासांचं असतं, सप्टेंबरमध्ये झालं तर दोन महिन्यांचं काम वाया घालवून होतं. आणि "करणार नाही" मध्ये फालतू गोष्टी लिहून फसवणूक करू नका, तिथे अशाच गोष्टी पाहिजेत ज्या कोणालातरी मनापासून हव्यात.

मोठ्यांची उदाहरणं बघितली तर हेच दिसतं. १९९७ मध्ये स्टीव्ह जॉब्स ॲपलमध्ये परत आले तेव्हा कंपनीला त्या आर्थिक वर्षात एक अब्ज डॉलरच्या आसपास तोटा होता आणि कॉम्प्युटरची इतकी मॉडेलं होती की कुठलं कोणी घ्यायचं ते गिऱ्हाइकाला कळत नव्हतं. त्यांनी चार चौकोन काढले, घरगुती आणि व्यावसायिक, टेबलावरचा आणि सोबत नेण्याचा, आणि प्रत्येक चौकोनात एक मशीन, बाकी बंद. बंद केलेल्यांत चालू शकणारीही असतील, पण लोक तेवढेच होते ना. पुढच्या वर्षी कंपनी नफ्यात होती.

मला जास्त जवळचं वाटतं ते व्हॉट्सॲपचं. फेब्रुवारी २०१४ ला फेसबुकने ते १९ अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं तेव्हा महिन्याला ४५ कोटी लोक ते वापरत होते आणि कंपनीत माणसं पन्नास-पंचावन्न. संस्थापकांपैकी एकाच्या टेबलावर दुसऱ्याने लिहून दिलेली चिठ्ठी चिकटवलेली असायची, जाहिराती नाहीत, गेम नाहीत, भपका नाही. पण नुसतं नाही म्हणून ते थांबले नाहीत, वाचलेला वेळ त्यांनी नोकियाच्या एस४० सारख्या साध्या फोनवर ॲप चालवण्यात घातला, जिथे मेमरी तुटपुंजी आणि स्क्रीन बोटभर. इंजिनिअरला असं काम कंटाळवाणं वाटू शकतं. पण महागडा फोन नसलेली माणसं त्याच वाटेने आत आली. नाही म्हणून जो वेळ वाचतो तो कुठे लावायचा हे ठरलेलं असलं तरच नाही म्हणण्यात अर्थ आहे.

आता शीट उघडा, आणि राइस लावा

राइस ही पद्धत इंटरकॉम कंपनीतून आली आणि ती सोपी आहे. रीच म्हणजे ठरावीक काळात किती जणांना लागणार, इम्पॅक्ट म्हणजे प्रत्येकाला किती फरक पडणार (खूप असेल तर ३, मग २, १, अर्धा, पाव), कॉन्फिडन्स म्हणजे तुमची स्वतःची खात्री किती (१००, ८० नाहीतर ५० टक्के), या तिघांचा गुणाकार करायचा आणि एफर्टने, म्हणजे किती माणूस-महिने (एका माणसाचं एका महिन्याचं काम म्हणजे एक) लागतील त्याने, भागायचं.

आकडे धरून करून बघू. धरून चला की आपल्याकडे ८०० संस्था आहेत. लाईट गेल्यावर एंट्री वाचवायचं काम: तीन महिन्यांत ६०० संस्थांना लागेल, इम्पॅक्ट २, खात्री ८० टक्के, दोन माणूस-महिने. ६०० गुणिले २ गुणिले ०.८ भागिले २, झाले ४८०. पावती व्हॉट्सॲपवर पाठवायचं काम: ७०० संस्था, इम्पॅक्ट अर्धा, ८० टक्के, एक माणूस-महिना, म्हणजे २८०. चेअरमनचा डॅशबोर्ड: १५० संस्था, इम्पॅक्ट १, खात्री ५० टक्के, तीन माणूस-महिने, म्हणजे २५.

क्रम लागला, छान. पण आता एक गंमत बघा, आणि माझ्या मते या सगळ्या लेखातला हाच भाग नीट समजून घ्यायचा आहे. समजा तुमच्या अर्ध्या पानावर असं लिहिलंय की या वर्षी आपण गावातल्या एकेका संस्थेला न विकता तालुका नाहीतर जिल्हा संघाला विकणार. मग रीच मोजताना संस्थेचा सचिव मोजून चालणार नाही, निर्णय घेणारे मोजावे लागतील, आणि एका संघाच्या हाताखाली तीनशे संस्था असतील तर तोच २५ वाला डॅशबोर्ड उडी मारून वर येतो. आकडेमोड एकही चुकलेली नाही, फक्त कोणाला मोजायचं ते बदललं. म्हणजे राइस तुम्हाला हे सांगत नाही की कोणाची रीच मोजायची, ते तुमचा डाव सांगतो. डाव न ठरवता राइस लावणारी टीम मी पाहिली आहे, त्यांच्या शीटमध्ये एका ओळीत रीच म्हणजे शेतकरी होते, दुसऱ्या ओळीत संस्था, तिसऱ्यात डाउनलोड, आणि सगळ्यांची बेरीज-वजाबाकी एकत्र, दोन दशांश स्थळांपर्यंत.

अजून दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवा. एफर्टचा आकडा डेव्हलपरकडूनच घ्यायचा, तुम्ही मनाने टाकायचा नाही, आणि त्यांनी "दोन आठवडे" म्हटलं तर टेस्टिंग धरून का ते विचारायचं. ४८० आणि ४६० मध्ये फरक काही नाही, तिथे जे आधी सुरू करता येतं ते घ्या. आणि कॉन्फिडन्स ५० टक्के आला ना, तर ती ओळ खाली ढकलून मोकळे होऊ नका, आधी ते काम करायचं की नाही हे स्वस्तात कसं कळेल ते बघा. आम्ही डॅशबोर्ड बांधायच्या आधी तोच रिपोर्ट एक्सेलमध्ये हाताने काढून चार चेअरमनना दोन महिने दर सोमवारी पाठवायला पाहिजे होता. एखाद्या सोमवारी मुद्दाम पाठवला नसता आणि कोणाचा फोन आला नसता, तर उत्तर मिळालं असतं, एक ओळ कोड न लिहिता.

काही कामं गुणांवर नाही, तारखेवर चालतात

३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी कौन्सिलने दर बदलले आणि २२ सप्टेंबरपासून लागू. तूप, लोणी १२ टक्क्यांवरून ५ वर. मध्ये दिवस किती, एकोणीस, आणि त्यात गणपती चालू, निम्मी टीम गावाला. ज्या संस्था सभासदांना तूप विकतात त्यांची बिलं २२ तारखेला, घटस्थापनेच्या दिवशी सकाळी, बरोबर यायलाच पाहिजेत. इथे राइस लावत बसायचं नाही, अशी कामं वेगळ्या ढिगात टाकायची: कायद्याची तारीख आहे, पैसे चुकतायत, किंवा डेटा जातोय. हा ढीग आधी, वाद नाही. पण हा ढीग तुम्ही स्वतः राखायचा, कारण हे कळलं की प्रत्येकजण आपलं काम त्यात घालायला बघतो. माझा प्रश्न ठरलेला असतो, "हे त्या तारखेला झालं नाही तर नेमकं कोणाचं काय होईल?" उत्तर आलं की "क्लायंट नाराज होईल", तर ते काम या ढिगात बसत नाही.

तारखेचा दुसरा प्रकार हंगामाचा. दिवाळीच्या तोंडावर संस्था उत्पादकांना वर्षभराच्या दुधावर फरक बिल (भावातल्या फरकाचे वरचे पैसे) देतात, कोल्हापूरकडे तर घरातली दिवाळीची खरेदीच त्यावर ठरते. त्याचा हिशोब काढून देणारं फीचर सप्टेंबरअखेर संस्थांच्या हातात नसेल तर त्या वर्षी ते केलं काय आणि न केलं काय, वरातीमागून घोडं. म्हणून मी भिंतीवर एक साधं कॅलेंडर लावते, गिऱ्हाइकाचं वर्ष, आपलं आर्थिक वर्ष नाही. त्यावर फरक बिल, मार्चअखेर, ऑडिट, उन्हाळ्यात दूध कमी होतं तो काळ, थंडीत वाढतं तो काळ. संकलनाच्या स्क्रीनमध्ये मोठा बदल करायचा असेल तर उन्हाळ्यात करायचा, दूध कमी असतं, रांगा लहान असतात, चुकलं तर सावरता येतं. हे कॅलेंडर लावल्यावर निम्मे वाद न बोलता मिटले.

"बघू" म्हणू नका

आपल्याकडे हा शब्द फार घात करतो. सेल्सचे दादा फोनवर विचारतात, "ताई, तेवढं पशुखाद्याचं बसेल का पुढच्या रिलीजमध्ये?" आपण म्हणतो "बघू", आपल्या मनात त्याचा अर्थ नाही असा असतो, त्यांच्या कानावर तो हो असा पडतो, ते क्लायंटला सांगतात "होतंय, ऑफिसात बोललोय", आणि दोन महिन्यांनी क्लायंट तुमच्या नावाने विचारतो. भिडेपोटी बोललेला एक शब्द, आणि त्यात तीन माणसांचा विश्वास जातो.

त्याऐवजी तीनच उत्तरं द्यायची सवय लावा. "हो, अमुक महिन्यात." "या वर्षी नाही, कारण या वर्षी आपण संकलन आणि बिल एवढंच धरलंय, एप्रिलमध्ये परत विचारा." आणि "मला माहीत नाही, शुक्रवारपर्यंत सांगते", आणि मग शुक्रवारी खरंच सांगायचं. नाही ऐकून माणसं रागावतात असं आपल्याला वाटतं, माझा अनुभव वेगळा आहे, कारण समजलं की सेल्सवाले उलट क्लायंटला तेच कारण चांगल्या शब्दांत सांगतात. त्यांना अंधारात राहणं नको असतं.

साहेबांचं जरा वेगळं. साहेबांना नाही म्हणायचं नसतं, अदलाबदल दाखवायची असते. "सर, घेऊ. दोन माणसं तीन आठवडे लागतील. म्हणजे बिलाचं काम दिवाळीच्या पुढे जाईल. चालेल का?" आणि मग गप्प बसायचं. हे आडमुठेपणाने म्हणू नका, खरंच विचारा, कारण कधीकधी साहेबांना असं काही माहीत असतं जे आपल्याला नसतं, एखादा मोठा करार, पैशाची अडचण, आणि मग क्रम बदलणंच बरोबर असतं. बदलला तर अर्ध्या पानावर पण बदल करा, नाहीतर पानावर एक आणि स्प्रिंटमध्ये (टीमच्या ठरावीक आठवड्यांच्या कामाच्या फेरीत) भलतंच असं होतं आणि टीम ते पान वाचायचं सोडून देते.

एका वेळी किती कामं उघडी आहेत ते मोजा

हे छोटं आहे पण फार लोक करत नाहीत. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक नियम आहे, रांगेत सरासरी किती आहेत भागिले दर आठवड्याला किती बाहेर पडतात, म्हणजे प्रत्येकाला लागणारा वेळ. तुमच्या बोर्डवर बारा कामं चालू आहेत आणि आठवड्याला तीन संपतात, तर एकेक काम सरासरी चार आठवडे घेणार, कितीही जोर लावा. उघडी कामं सहा केली आणि संपायचा वेग तोच राहिला तर दोन आठवडे. म्हणजे प्रायॉरिटी बदलण्याआधी नुसतं नवीन काम सुरू करणं थांबवलं तरी सगळं लवकर बाहेर पडतं. डेव्हलपर मोकळा दिसला की लगेच नवीन टिकिट देऊ नका, अडकलेल्या कामाला हात लावायला सांगा.

डेटाबेसच्या कामाचं राहिलंच. अशा कामांना राइसमध्ये कधीच गुण पडत नाहीत, कारण गिऱ्हाइकाला ती दिसत नाहीत. आम्ही प्रत्येक स्प्रिंटचा पाचवा हिस्सा डेव्हलपर लोकांच्या हातात दिला, त्यात काय करायचं ते त्यांनी ठरवायचं, मी विचारणार नाही. आकडा तुमचा वेगळा असेल, पण तो आधीच बाजूला काढा, दर वेळी भीक मागायला लावू नका.

पुढचं बघणं

हे कॅलेंडरमध्ये जागा धरल्याशिवाय होत नाही. माझे बुधवारी सकाळचे दोन तास असतात, फोन उलटा, चॅट बंद. त्यात मी दोन प्रश्न घेते. पहिला, पाच वर्षांनी या कट्ट्यावर काय बदललेलं असेल? यूपीआय २०१६ ला आलं, मार्च २०२२ ला साध्या फोनवरून चालणारं यूपीआय १२३पे आलं, तर दहा दिवसांचं बिल दहा दिवसांचंच का राहील, उद्या कोणी रोजच्या रोज पैसे द्यायला लागलं तर आपलं बिलाचं मोड्यूल ते पेलेल का? दुसरा प्रश्न, काय बदललेलं नसेल? सकाळी सहाची रांग, ओले हात, आणि पावतीवरच्या फॅटकडे बघणारा माणूस. मी जास्त काम या दुसऱ्या उत्तरावर लावते, कारण ते वाया जात नाही, आणि पहिल्यासाठी फक्त दार बंद होणार नाही एवढं बघते, म्हणजे दहा दिवस हा आकडा कोडमध्ये पक्का न करता सेटिंगमध्ये ठेवणं, असल्या गोष्टी.

आणि डाव लावतानाच लिहून ठेवा की काय दिसलं तर तो चुकला असं मानायचं आणि कुठल्या तारखेला बघायचं. आम्ही एकदा उत्पादकांसाठी मोबाईल ॲप केलं, कल्पना अशी की माणूस रोज घरबसल्या आपली फॅट बघेल. पहिला महिना लोकांनी उघडलं, नंतर फक्त बिलाच्या दिवशी उघडायला लागले, कारण रोजची फॅट त्यांना पावतीवर मिळतच होती. आम्ही आधी लिहून ठेवलेलं नव्हतं, म्हणून अजून एक नोटिफिकेशन, अजून एक स्क्रीन असं करत सात महिने ओढलं. लिहिलं असतं की "तीन महिन्यांनी आठवड्यातून तीनदा उघडणारे अर्ध्याहून कमी असतील तर रोजचं सगळं काढून फक्त बिल ठेवायचं", तर चार महिने वाचले असते आणि त्या वर्षीचं फरक बिलाचं काम वेळेत झालं असतं.

राहिलेल्या ओळी

आता त्या दोनशेपैकी साधारण वीस तुमच्या हातात आल्या असतील. उरलेल्यांतल्या वर्षभरात कोणी परत न विचारलेल्या सरळ आर्काइव्ह करा, मन घट्ट करून. महत्त्वाचं असेल तर ते परत येतं. मात्र पुसायच्या आधी प्रत्येक ओळीत एवढं बघा की लिहिणाऱ्याने काय लिहिलंय आणि त्याला खरं काय दिसलं होतं, "सेशन रिस्टोअर" सारखं काही असेल तर त्या माणसाला फोन लावा आणि विचारा, त्या दिवशी काय झालं होतं. आणि ज्यांनी मागितलं होतं त्यांना दोन ओळींचा मेसेज टाका की हे आम्ही या वर्षी करत नाही आहोत, कारण हे, आणि तुमची अडचण वाढली तर मला थेट कळवा. आम्ही असे साठ-सत्तर मेसेज पाठवले तेव्हा अकरा जणांचे फोन आले, त्यातली दोन कामं आम्ही परत यादीत घेतली.